मालगुजारी तलावाच्या पाळीवर भरलेली विज्ञानाची शाळा

भाऊबीज आटोपली की झाडीपट्टीत दोन गोष्टी एकदम सुरू होतात, हलक्या (लवकर पिकणाऱ्या) धानाची कापणी आणि गावोगावची मंडई, म्हणजे दंडार या लोकनाट्याची जत्रा. शाळांना दिवाळीच्या सुट्या असतात, तलाव भरलेले असतात आणि सकाळी दहापर्यंत उन्हाचा त्रास नसतो. विज्ञान शिक्षकांना वर्गाबाहेर काढायचं असेल तर पूर्व विदर्भात याहून चांगला आठवडा सापडत नाही. मे महिन्यात सकाळी नऊनंतर मैदानात उभं राहवत नाही आणि ऑगस्टमध्ये बांध्यांतून, म्हणजे धानाच्या खाचरांतून, चालता येत नाही.

पहिला दिवस : बाटलीचं पर्जन्यमापक

गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांतली शिक्षक मंडळी चार दिवसांच्या शिबिरासाठी अर्जुनी स्टेशनावर उतरून जीपने नवेगावबांध परिसरातल्या एका गावात दुपारच्या आत पोचली. मुक्काम शाळेतच, जेवण बचत गटाकडे. पांघरुणं सोबत आणायला सांगितली होती ते बरं झालं. तलावाकाठी पहाटे चांगलंच गार होतं.

हवामानबदलाचा धडा पाठ्यपुस्तकात आहे, पण त्यातले हिमनग आणि वाढती समुद्रपातळी इथल्या पोरांपासून फार दूर. त्यांच्या रोजच्या नजरेत तलाव, धान, मोह आणि पळस. म्हणून शिबिराचा आग्रह एकच होता: थोडंच मोजा, पण त्याच जागी, त्याच वेळी, त्याच साधनानं आणि वर्षानुवर्षं मोजा. साधन वर्गात बनलं पाहिजे आणि काम एका तासिकेत उरकलं पाहिजे. महागडं यंत्र आणलं की ते कपाटात जातं, हा सगळ्यांचाच अनुभव.

सुरुवात पर्जन्यमापकाने. सरळ अंगाची दोन लिटरची बाटली घ्यायची, वरचा तिसरा भाग कापायचा आणि तोच उलटा बसवून फनेल करायचा. जमलेलं पाणी ऊन लागून उडून जायचं प्रमाण फनेलमुळे कमी होतं. इथपर्यंत बहुतेक शाळा करतात. चूक पुढे होते. बाटलीला बाहेरून पट्टी चिकटवून मिलिमीटर वाचले जातात, पण बाटलीचा बुड खाचाखोचांचा असतो, त्यामुळे खालचे दोन-तीन सेंटिमीटर आकडे हमखास खोटे येतात. त्यापेक्षा पाणी 10 मिलिच्या सिरिंजने मोजावं. फनेलच्या तोंडाचा आतला व्यास 11 सेंमी असेल तर क्षेत्रफळ होतं 95 चौरस सेंमी, म्हणजे 1 मिमी पाऊस बरोबर 9.5 मिलि पाणी. सहावीच्या मुलांना हा भागाकार जमतो आणि ‘इतके मिमी पाऊस’ म्हणजे नेमकं काय तेही कळतं.

भारतीय हवामान विभागाच्या साध्या पर्जन्यमापकाचं तोंड जमिनीपासून 30 सेंमीवर असतं आणि नोंद सकाळी साडेआठला होते. शाळेनेही तेच पाळावं, म्हणजे तालुक्याच्या आकड्यांशी तुलना करता येते. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर बाटली हवी. जाणूनबुजून बाटल्या चार ठिकाणी लावल्या: मैदानाच्या मधोमध, कडुनिंबाखाली, भिंतीला लागून आणि गच्चीवर. आभाळ निरभ्र होतं, पाऊस येईल असं कुणालाच वाटत नव्हतं.

तापमापक सावलीत टांगला म्हणजे झालं, असं नाही. टिनाच्या पत्र्याखालची सावली पत्र्याचीच उष्णता दाखवते. पांढऱ्या प्लास्टिकच्या सहा ताटल्या घ्यायच्या, वरची अखंड ठेवून बाकीच्यांना मधोमध भोक पाडायचं, बोल्टवर दोन-दोन सेंमी अंतराने चढवायच्या आणि तापमापक आत ठेवायचा. हे खोकं जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, गवताच्या जागेत. वारा आरपार जातो, ऊन आत येत नाही. शेजारी दुसरा तापमापक, त्याच्या फुग्याला मलमलची ओली वात. दोघांच्या फरकातून आर्द्रता निघते: कोरडा 30 आणि ओला 25 अंश असेल तर सुमारे 67 टक्के. वाचण्याआधी वहीने मिनिटभर वारा घालायचा, नाहीतर ओला तापमापक जरा जास्तच दाखवतो. वातीला पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी लावायचं, बोअरच्या पाण्याचे क्षार साचून वात कडक होते.

विदर्भातल्या मुलांना ओल्या तापमापकाचं महत्त्व कूलरवरून लगेच समजतं. मे महिन्यात 45 अंशांतही कूलर गार वारा देतो, कारण हवा कोरडी असते. जुलैत तोच कूलर नुसता दमटपणा वाढवतो. घामाचंही तसंच आहे. ओल्या फुग्याचं तापमान 35 अंशांपर्यंत गेलं तर धडधाकट माणसाचं शरीरही काही तासांपलीकडे स्वतःला थंड ठेवू शकत नाही. उष्माघाताचा धोका नुसत्या पाऱ्यावर का ठरवू नये, हे यातून दाखवता येतं.

रात्री जेवायला तांदळाची भाकर, लाखोरीची (लाखेची) दाळ, वर भरपूर सांबार (कोथिंबीर) पेरलेली वांग्याची भाजी आणि भात. लाखोरी इथे धान उभं असतानाच ओल्या बांधीत फेकतात. धान निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर ती वाढते, वेगळं पाणी लागत नाही. ताटातला हा पदार्थ दुसऱ्या दिवशीच्या मातीच्या चर्चेत पुन्हा कामाला आला.

दुसरा दिवस : तलाव

सकाळी साडेसहाला पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर. धुकं पाण्यावर टेकलेलं, पलीकडे अडई बदकांची शीळ आणि कमळाच्या पानांवर पाय टाकत फिरणारे कमळपक्षी. हळदी-कुंकू बदकांची एक जोडी अगदी जवळून उडाली.

भंडारा-गोंदियाला तलावांचे जिल्हे म्हणतात. मोठा तो तलाव, लहान ती बोडी. कोहळी समाजाने गेल्या काही शतकांत इथे हजारो तलाव बांधले. नवेगावचा बांध हा त्यातला सर्वांत नावाजलेला, डोंगरांमधली वाट मातीच्या पाळीने अडवून केलेला. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, तलाव सरकारजमा झाले आणि गाळ काढणं, पाळ बांधणं, सांडवा नीट ठेवणं ही गावाची कामं हळूहळू कुणाचीच राहिली नाहीत. हवामान शिकवताना हा इतिहास सांगावाच लागतो. तलावात पाणी कमी का टिकतं, याचं उत्तर गाळातही असतं आणि पावसातही. सगळं खापर हवामानबदलावर फोडलं तर मुलं चुकीचं विज्ञान शिकतात.

पहिलं काम वनस्पतींचं. पाळीच्या समोरच्या उथळ काठावरून पाण्याच्या दिशेने 20 मीटरची दोरी, दर दोन मीटरला गाठ. प्रत्येक गाठीवर एक मीटर बाजूचा चौकोन. तो अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप आणि चार एल्बोंचा, आत सुतळीने 25 घरं. पाइपचे सांधे सोल्युशनने पक्के बंद केले की चौकोन पाण्यावर तरंगतो. सांधा गळला की तो बुडतो आणि गाळ ढवळून सगळी मोजणी वाया जाते. एका घराचा अर्ध्याहून जास्त भाग ज्या वनस्पतीने व्यापला, ते घर तिचं. घरं गुणिले चार, झाले टक्के.

नावं सांगायला ढिवर या मासेमारी करणाऱ्या समाजातल्या दोन बाया आल्या होत्या. त्यांच्यापुढे वनस्पतिशास्त्राचं पुस्तक मिटून ठेवावं लागलं. पाण्याखाली कोणती वनस्पती कुठवर पसरते, मासे अंडी कोणत्या पानाला चिकटवतात, देवधान (जंगली धान) कुठे उगवतं, मरळ कोणत्या झुडपाखाली पिल्लं राखते, सगळं बोटाने दाखवून. काठाला माजलेल्या बेशरमी या झुडपाकडे हात करून मावशी म्हणाल्या, “कापून होत नाही जी, मुळासकट काढा लागते.” ते शंभर टक्के खरं आहे. बेशरमीच्या खोडाचा तुकडा ओल्या गाळात पडला की फुटतो. म्हणून ती उन्हाळ्यात तलाव आटल्यावर उपटायची, बाहेर वाळवायची आणि मोकळ्या जागी स्थानिक पाणवनस्पती लावायच्या. या भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला सोबत घेऊन असं काम केलेलं आहे. शाळेच्या मोजणीचा उपयोग इथे होतो: बेशरम काढण्याआधीचे आणि नंतरचे टक्के त्याच दोरीवर दरवर्षी मिळाले, तर गावालाही काय बदललं ते दिसतं.

नंतर डोंग्यातून सेकी तबकडी, पाणी किती नितळ आहे ते मोजायला. 20 सेंमी व्यासाचा पत्रा, आलटून पालटून काळे-पांढरे चार भाग, खाली वजन, दोरीला दर 10 सेंमीवर खूण. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, डोंग्याच्या सावलीच्या बाजूने सोडायची. दिसेनाशी झाली तिथे एक आकडा, वर ओढताना पुन्हा दिसली तिथे दुसरा, दोन्हींची सरासरी. डोळ्यांवर गॉगल नको. डोंग्यात लाइफ जॅकेट घातलेले दोनच शिक्षक आणि वल्हवणारा. विद्यार्थ्यांना डोंग्यात किंवा गुडघ्यापलीकडच्या पाण्यात न्यायचंच नाही. काठावरून बादलीने काढलेल्या पाण्यावर तापमान, सामू आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजता येतो.

ऑक्सिजनच्या आकड्यात हवामानबदलाचा एक मोठा धडा दडला आहे. 25 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 8.3 मिग्रॅ ऑक्सिजन मावतो, 35 अंशांना जेमतेम 7. पाणी तापलं की माशांना प्राणवायू जास्त लागतो आणि पाण्यात तो कमी मावतो. सर्वांत कमी ऑक्सिजन पहाटे असतो, कारण रात्रभर वनस्पतीही श्वसनच करतात. दुपारी दोनला मोजून ‘पाणी उत्तम’ असा शेरा मारणं चूक. मोजायचं तर पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा.

दुपारी उकडलेले शिंगाडे आले, काळ्या टरफलातले, अजून वाफाळणारे. शिंगाड्याचा हा ऐन हंगाम.

संध्याकाळचा प्रयोग सगळ्यांना सर्वांत आवडला. काठाच्या गाळात काठी ढवळली की बुडबुडे येतात. बाटली पाण्याने गच्च भरायची, तोंडाला फनेल लावून पाण्यातच उलटी धरायची आणि बुडबुडे तिच्यात गोळा करायचे. हाच उद्योग व्होल्टाने 1776 मध्ये मॅजिओरे सरोवराकाठी केला आणि मिथेनचा शोध लागला. ज्वालेची चाचणी प्रशिक्षकानेच करावी, बाटली चेहऱ्यापासून दूर धरून, तिन्हीसांजेला. निळसर ज्योत उन्हात दिसत नाही. शाळेत ज्योत न पेटवता नुसतं वायूचं आकारमान मोजलं तरी पुरतं: पाच मिनिटं ढवळून किती मिलि, वाळूच्या काठावर किती, पालापाचोळ्याच्या काठावर किती.

तिथून थेट धानाच्या बांधीत. पाणी साचलेल्या मातीत ऑक्सिजन संपतो आणि मिथेन करणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट तापवतो. उपाय म्हणून बांधी आळीपाळीने भिजवणं आणि सुकवणं सुचवतात: 30 सेंमी लांबीचा, खाली भोकं पाडलेला पाइप बांधीत अर्धा गाडायचा, आतलं पाणी जमिनीखाली 15 सेंमीपर्यंत उतरलं की पुन्हा पाणी द्यायचं, फुलोऱ्याच्या वेळी मात्र पाणी राखायचं. मिथेन यात एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत घटतं. पण पाटाचं पाणी पाळीपाळीने मिळणारा शेतकरी बांधी सुकवायला धजत नाही, कारण पुढची पाळी कधी येईल याची त्याला खात्री नसते. वर्गात हा उपाय सांगताना ही अडचणही सांगायला हवी, नाहीतर मुलं घरी जाऊन बापालाच दोष देतील.

तिसरा दिवस : झाडं आणि माती

जंगल म्हणजे इथे गावाचं सामूहिक वन. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत अशी कामं परवानगीशिवाय करायची नाहीत, आणि गावच्या वनातही वनसमितीचा माणूस सोबत हवाच. वेळ सकाळी सात ते दहा, गट सहा-सात जणांचा. अत्तर, बॉडी स्प्रे, विडी-सिगारेट पूर्ण बंद, कारण उंच झाडांवर आग्या मोहोळ असतं. हे सांगूनही कुणीतरी सुगंधी तेल लावून येतंच, त्यामुळे निघण्याआधी शाळेतच तपासावं.

झाडातला कार्बन काढायला घेर आणि उंची लागते. आपल्याकडे वन विभाग घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर घेतो. प्रत्येकाच्या छातीची उंची वेगळी, म्हणून तेवढ्या लांबीची काठीच सोबत ठेवायची. उतारावर वरच्या बाजूने मोजायचं. त्या उंचीच्या खालीच दोन फांद्या फुटल्या असतील तर दोन खोडं धरायची. टेप वेलीवरून गेला तर आकडा फुगतो.

उंचीसाठी कोनमापक, स्ट्रॉ, दोरा आणि एक नट. शेंड्याकडे 45 अंशांत बघता येईल इतकं मागे सरकायचं. झाडापासूनचं अंतर अधिक डोळ्याची उंची, हीच झाडाची उंची. टॅनचं कोष्टक लागत नाही, सातवीतल्या मुलांनाही जमतं. डोळ्याची उंची मिळवायची राहून जाते, ही नेहमीची चूक.

एका सागाचं गणित सगळ्यांनी मिळून केलं. घेर 110 सेंमी, म्हणजे व्यास 35 सेंमी. उंची 15 मीटर, लाकडाची घनता घन सेंमीला सुमारे 0.57 ग्रॅम. उष्णकटिबंधीय झाडांसाठी वापरतात ते सूत्र: घनता, व्यासाचा वर्ग आणि उंची यांचा गुणाकार, त्याचा 0.976 वा घात, गुणिले 0.0673. उत्तर आलं 565 किलो कोरडं वजन. त्यातला 47 टक्के कार्बन धरला तर 265 किलो, आणि 3.67 ने गुणलं तर जवळजवळ 970 किलो कार्बन डायऑक्साइड. लगेच उंची 13 मीटर धरून तेच गणित पुन्हा केलं, तर उत्तर 13 टक्क्यांनी घसरलं. घेर 5 सेंमीने जास्त घेतला तर 9 टक्क्यांनी चढलं. त्रुटी किती असू शकते हे उत्तराशेजारी लिहायची सवय मुलांना इथूनच लागावी.

माती मुरवण्याची चाचणी तीन ठिकाणी केली. 15 सेंमी व्यासाच्या पाइपचा तुकडा लाकडी फळी ठेवून हातोडीने 5 सेंमी आत ठोकायचा, आतली माती कडेने बोटांनी दाबायची, प्लास्टिकचा कागद अंथरून 442 मिलि पाणी ओतायचं आणि कागद हळूच ओढून घड्याळ लावायचं. हे पाणी म्हणजे अडीच सेंमी पाऊस. जंगलात पालापाचोळ्याखाली ते बघता बघता जिरलं. बर्डी, म्हणजे मुरमाड जमिनीवरही फार वेळ लागला नाही. बांधीत मात्र तासिका संपून जाईल, तरी पाणी उभंच. रोवणीआधीच्या चिखलणीने मातीची छिद्रं मोडून खाली घट्ट थर तयार होतो, धानाला तोच हवा असतो. लाखोरी त्याच थरावर धरून ठेवलेल्या ओलीवर जगते. कन्हार (काळ्या चिकण) जमिनीत भेगा असतील तर ही चाचणी घेऊ नये, पाणी भेगेतून निघून जातं आणि मातीबद्दल काहीच कळत नाही.

रात्री शेजारच्या गावात मंडई होती, दंडारीचा ढोलका शाळेपर्यंत ऐकू येत होता. दीडच्या सुमारास ढोलका थांबला आणि पाऊस सुरू झाला.

चौथा दिवस : पावसाचा हिशोब

साडेआठला सगळे बाटल्यांपाशी. मैदानातल्या बाटलीत 133 मिलि, म्हणजे 14 मिमी. भिंतीजवळ 10, कडुनिंबाखाली 9, गच्चीवर 12. गाव एक, पाऊस एक आणि आकडे चार. भिंतीने आडवा पाऊस अडवला, कडुनिंबाने पाणी पानांवर धरलं, गच्चीवरच्या वाऱ्याने थेंब फनेलवरून उडवले. जागा का निवडायची, हे यानंतर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

शाळेमागच्या बांध्यांत कापलेल्या धानाच्या कडपा (वाळत पसरलेल्या पेंढ्या) भिजल्या होत्या आणि घरचे सगळे त्या उलथवायला उतरले होते. कडपा दोन-तीन दिवस ओल्या राहिल्या तर लोंबीतच दाण्याला कोंब फुटतो. ज्यांनी पुंजणे (गंजी) रचले होते त्यांचं निभावलं. एक काकाजी बांधावर उभे राहून म्हणाले, “पाणी तेवढंच पडते जी, पण पडायचे दिवस बदलले.” शिक्षकांनी हे वाक्य फळ्यावर लिहिलं आणि ते तपासायचं कसं, यावर सकाळ गेली.

हवामान विभागाच्या हिशोबात 2.5 मिमी किंवा जास्त पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस, 64.5 मिमीपासून पुढे जोरदार पाऊस. रात्रीचे 14 मिमी म्हणजे साधा पावसाचा दिवस. तरी नुकसान झालं, कारण धान जमिनीवर आडवं होतं. पाऊस किती आणि नुकसान किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. राज्याच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो. त्यातून दर वर्षाचे तीनच आकडे मुलांना काढायला लावायचे: जून ते सप्टेंबरमधले पावसाचे दिवस, 64.5 च्या वरचे दिवस आणि सर्वांत लांब खंड. दहा वर्षांचा आलेख काढला की चढउतार दिसतात, पण त्यावरून कल सांगायचा नाही. हवामानाची सरासरी तीस वर्षांची असते, सध्या 1991 ते 2020 ची धरतात. एका रात्रीचा पाऊस हवामानबदलामुळे आला असं म्हणता येत नाही. म्हणता येतं ते एवढं: हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं, आणि मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिमुसळधार पावसाच्या घटना 1950 ते 2015 दरम्यान तिपटीच्या घरात वाढल्या, हे अभ्यासातून पुढे आलेलं आहे. काकाजींच्या वाक्याचं उत्तर त्यांच्याच मंडळाच्या आकड्यांत शोधायचं, आणि सापडेल ते त्यांना नेऊन दाखवायचं.

शेवटचा तास नोंदवहीचा. पहिल्या पानावर साधनांच्या जागेचा नकाशा, फनेलचा व्यास, तापमापकाचा क्रमांक, दोरी कुठल्या दगडापासून सुरू होते त्याचा फोटो. शाळा साडेदहाला भरत असेल तर जवळ राहणाऱ्या दोन मुलांकडे साडेआठची नोंद द्यायची, रविवारसकट. एखाद्या दिवशी वाचायचं राहिलं तर दोन दिवसांचं पाणी एकत्र लिहून कंस करायचा, अंदाजाने वाटून टाकायचं नाही. शून्य पाऊस असेल तर शून्य लिहायचं, रकाना कोरा सोडायचा नाही, कारण कोऱ्या रकान्याचा अर्थ ‘मोजलं नाही’ असा होतो. आणि वही डेडस्टॉक रजिस्टरला चढवून घ्यायची. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदल्या होतच राहतात. शिक्षक गेले की त्यांच्यासोबत वहीही जाते आणि नवीन शिक्षक शून्यापासून सुरुवात करतात. वही शाळेच्या मालमत्तेत असली की चार्ज देताना ती मोजून द्यावी लागते.